कॅज्युअल्टीत नव्याने लागलेल्या सिस्टरसाठी: जोडीदाराची हिंसा ओळखायची कशी आणि लिहायची कशी

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचं महापालिकेचं रुग्णालय असो किंवा घोडबंदर रोडवरचं एखादं खासगी हॉस्पिटल, कॅज्युअल्टीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर पडतं: "बाथरूममध्ये पाय घसरला, सिस्टर." बहुतेक वेळा पाय खरंच घसरलेला असतो. ज्या वेळी तो घसरलेला नसतो, त्या वेळांसाठी हा लेख आहे.

फॉरेन्सिक नर्सिंग, म्हणजे हिंसेच्या जखमा ओळखून, नोंदवून पुरावा जपणारी नर्सिंगची शाखा, अमेरिकेत व्हर्जिनिया लिंच या नर्सने रुजवलं. १९९२ साली त्या शाखेची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि १९९५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने तिला मान्यता दिली. आपल्याकडे भारतीय नर्सिंग परिषदेने सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे हा विषय घातला आहे, पण बहुतेक रुग्णालयांत तसं वेगळं पद नाही. म्हणजे रात्रपाळीला जी सिस्टर किंवा ब्रदर ड्युटीवर असेल, तेच त्या वेळेपुरते फॉरेन्सिक नर्स. वेगळ्या नेमणुकीची वाट बघत बसू नका.

पहिली पायरी: जोडीदार कोण, ते पक्कं करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत सध्याचा आणि पूर्वीचा, दोन्ही जोडीदार येतात. त्याच्या ज्या वागण्याने शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक इजा होते ते सगळं हिंसा, आणि त्यात ताब्यात ठेवणारं वागणंही धरलेलं आहे. लग्नाची अट नाही, एका घरात राहण्याची अट नाही. नवरा, सोडून दिलेला नवरा, लिव्ह-इनमधला, साखरपुडा झालेला, बॉयफ्रेंड, सगळे यात बसतात. समलिंगी जोडपीही बसतात.

कायद्याची चौकट मात्र वेगळी आहे आणि नव्यांचा गोंधळ इथेच होतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात दोघं एका घरात राहत असणं किंवा कधीकाळी राहिलेलं असणं लागतं. लग्नासारखं नातंही चालतं. त्यामुळे सासूने हात पिरगाळला तर ती जोडीदाराची हिंसा नाही, पण या कायद्यात ती येते. उलट, वाशीच्या मिनी सी-शोअरवर बॉयफ्रेंडने मुलीच्या कानाखाली मारली आणि दोघं कधी एकत्र राहिलेच नसतील, तर ती जोडीदाराची हिंसाच आहे, पण हा कायदा तिथे लागत नाही. तिथे भारतीय न्याय संहिता: मारहाणीची आणि धमकीची कलमं, पाठलाग असेल तर कलम ७८.

तुम्ही ओळखायचं ते वैद्यकीय व्याख्येने. कलम कुठलं ते पोलीस आणि वकील बघतील. कलम सुचत नाही म्हणून नोंद टाळू नका.

पुरुष पेशंटही येतात. २००५ च्या कायद्याखाली अर्ज फक्त स्त्रीला करता येतो, पण उपचार, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) आणि नोंद यांत काडीचा फरक करायचा नाही. "बायकोने मारलं का रे?" म्हणून स्टाफमध्ये हशा पिकतो, तो पहिल्या दिवशीच थांबवा.

दुसरी पायरी: हिंसेत काय काय धरायचं

२००५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक. शारीरिक प्रकार सगळ्यांना समजतो, त्यावर इथे शब्द खर्च करत नाही.

लैंगिक प्रकारात नवे लोक अडखळतात. न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादामुळे बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कारात धरली जात नाही. त्यावरून "मग लिहून काय उपयोग" असं ऐकवणारे सीनियरही भेटतील. उपयोग आहे. २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरलेला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी संसर्ग, गर्भधारणा आणि आतल्या जखमा तुमच्याच कामाचा भाग आहेत. तांबी काढायला लावणं, गर्भनिरोधक गोळ्या फेकून देणं, नको असताना गर्भपात करायला लावणं, हेही इथेच. बायको अठराच्या आतली असेल तर प्रश्नच मिटतो: पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लेबर रूममध्ये सतरा वर्षांची पोर आली आणि सोबतचे "लग्न झालंय" म्हणाले, तरी.

भावनिक छळात मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणं कायद्यात शब्दशः नमूद आहे. आर्थिक छळ म्हणजे पगार तिचा पण एटीएम कार्ड त्याच्या खिशात, स्त्रीधन परस्पर गहाण, लोकलच्या पासाच्या पैशालाही हात पसरायचा.

चारही प्रकारांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे ताबा. अमेरिकेतल्या डुलुथ गावी १९८४ साली सत्ता आणि नियंत्रणाचं जे चक्र काढलं गेलं, त्याच्या मधोमध हीच गोष्ट होती. ऐरोलीतल्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी मुलगी घ्या. अंगावर एक ओरखडा नाही. पण दर तासाला "आहेस तिथून व्हिडिओ कॉल लाव", फोनचं लोकेशन कायम चालू, ठाण्याची गाडी चुकली तर घरी गेल्यावर उलटतपासणी, आणि माहेरी फोन करायचा तर स्पीकरवर. ती येते छातीत धडधडतंय म्हणून. ईसीजी नॉर्मल येतो, ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतात. पुढच्या महिन्यात पुन्हा येते.

भांडण कुठल्या घरात होत नाही? भांडण आणि हिंसा यांतला फरक शोधायला माझा एकच प्रश्न असतो: घाबरतं कोण? भांडणात दोघं बोलतात. इथे एकाचा मूड बघून दुसरीचा अख्खा दिवस आखला जातो.

तिसरी पायरी: कुणाला विचारायचं, आणि एकटीला गाठायचं कसं

येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. खूण दिसली की विचारा, असं सांगते. खुणा अशा: मार लागून दोन दिवस झाल्यावर येणं, सांगितलेलं कारण आणि जखम यांचा मेळ न बसणं, ओटीपोटाचं किंवा डोक्याचं जुनं दुखणं, ज्याचं कारण तपासण्यांत सापडत नाही, वारंवार गर्भपात, गरोदरपणात पोटावर मार, विष घेतल्याची केस. फिनेल, ढेकणाचं औषध किंवा उंदीर मारायची पेस्ट घेऊन आलेल्या विवाहितेला "का घेतलंस" हे एकांतात विचारल्याशिवाय वॉर्डात पाठवू नका. (पेस्टच्या केसला पहिल्या दिवशी बरं वाटतं म्हणून घरी सोडायची घाईही नको. तिच्यातला पिवळा फॉस्फरस यकृताला दोन-तीन दिवसांनी गाठतो.) आणि सगळ्यात ठळक खूण: प्रश्न तिला विचारला की उत्तर सोबतचा माणूस देतो.

त्या माणसाला बाहेर काढताना त्याला संशय येऊ द्यायचा नाही. "एक्स-रे रूममध्ये नातेवाइकांना सोडत नाहीत," "लघवीचं सॅम्पल घ्यायचंय," "तुम्ही तेवढा केस पेपर काढून आणा." मावशींना आधी खुणेने सांगून ठेवा, म्हणजे त्या दाराशी थांबतात. पडदा म्हणजे एकांत नव्हे. पलीकडच्या खाटेला सगळं ऐकू जातं.

दिघा, तुर्भे, मुंब्रा या पट्ट्यातून येणाऱ्या बाईला मराठी येईलच असं नाही. तिची जाऊ किंवा शाळकरी मुलगी भाषांतराला उभी करू नका. स्टाफमधलं कुणीतरी शोधा.

विचारण्याआधी एक गोष्ट सांगून टाका: "ताई, तुम्ही सांगाल ते मी तुमच्या नवऱ्याला सांगणार नाही. पण जखम मोठी असेल तर डॉक्टरांना पोलीस चौकीला कळवावं लागतं." हे नंतर कळलं तर विश्वास तिथेच संपतो. मग सरळ विचारा. "घरी काही त्रास आहे का" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: नाही. त्यापेक्षा, "अशी जखम पुष्कळदा कुणी मारल्यावर दिसते. तुमच्यावर कुणी हात उचलला का?" किंवा "घरी जायची भीती वाटते का?"

ती नाही म्हणाली तर नाही. दोनदा खोदून विचारू नका. पुन्हा कधीही या, एवढं सांगा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) विवाहितांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या अवघ्या १४ टक्के होत्या. तुमच्यासमोर गप्प राहणारी बाई काही वेगळी नाही.

बोलायला लागली तर ऐका. "पोरांकडे बघून सांभाळून घे" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये, आणि "असल्या माणसाला सोडून दे" हेही नाही. दोन्हींत निर्णय तुम्ही घेताय. "यात तुमची चूक नाही" एवढं म्हणा.

चौथी पायरी: मान तपासा

ही पायरी वेगळी काढली, कारण घाईत सगळ्यात जास्त हीच निसटते. डोक्याला टाके घालायचे असतात, हाताला प्लास्टर घालायचं असतं, आणि मानेकडे कुणी बघत नाही.

"गळा दाबला का?" विचारलं तर बायका पुष्कळदा नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी त्याने "नुसती मान धरली." म्हणून विचारा: "मानेला हात लावला होता का? ओढणी आवळली का? दम कोंडला का? डोळ्यापुढे अंधार आला का? कपड्यात लघवी झाली का?" शेवटचा प्रश्न लाजेचा आहे, पण टाळू नका. शुद्ध हरपल्याची ती मोठी खूण असते.

गळा दाबलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणींच्या मानेवर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पापण्या उलटून आतला भाग बघा, कानामागे बघा, तोंडात टाळूवर बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके तिथे सापडतात. सावळ्या कातडीवर ते चेहऱ्यावर दिसणं अवघड, पापणीच्या आत दिसतात. घोगरा आवाज, गिळताना दुखणं, मान वळवताना दुखणं, कानात आवाज, हे सगळं डॉक्टरांना तोंडी सांगा आणि लिहाही. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर गेली असेल तर पक्षाघाताचा झटका काही तासांनी, कधी काही दिवसांनी येऊ शकतो. "बरी दिसते, सोडा" असं कुणी म्हणालं तर मानेच्या सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनची) गरज आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारायचा. वाईटपणा आला तरी.

आणि धोक्याचं म्हणाल, तर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा त्याच जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट निघाली. धोका मोजायची जी प्रश्नावली जगभर वापरतात, ती जॅकलिन कॅम्पबेल या नर्सनेच ऐंशीच्या दशकात बनवली. तिच्यातले मुख्य प्रश्न पाठ करून ठेवा: मारहाण वाढत चालली आहे का? हत्यार दाखवलं का? जिवे मारायची धमकी दिली का? ती नुकतीच वेगळी झाली आहे का? गरोदरपणात मारलं का? तो आत्महत्येच्या धमक्या देतो का? "ती आता वेगळी राहते, म्हणजे सुटली" असं समजू नका. वेगळं झाल्यानंतरचे दिवस जास्त धोक्याचे असतात.

मानेखालचं थोडक्यात. दंडावर बोटांचे वण, हाताच्या बाहेरच्या कडेला बचावाच्या जखमा, पट्ट्याचा किंवा वायरचा दुहेरी वण, चावा, सिगारेटचे गोल डाग, स्तनांवर आणि पोटावर मुका मार, आणि वेगवेगळ्या काळातल्या जखमा एकाच अंगावर. मुक्या माराच्या रंगावरून "तीन दिवसांपूर्वीचा" असं नर्सने लिहू नये. रंग लिहा, वय लिहू नका.

पाचवी पायरी: लिहा, पण निकाल देऊ नका

कॅज्युअल्टीत अशी नोंद सर्रास दिसते: "पडल्याने मार. नवऱ्यासोबत किरकोळ वाद. पेशंट सहकार्य करत नाही." यातलं एकही वाक्य कोर्टात तिच्या कामाचं नाही, आणि शेवटचं तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला आयतं मिळतं.

तीच केस अशी लिहा: "रात्री ११.४०. पेशंट स्वतः सांगते, 'साडेनऊला नवऱ्याने दोन्ही हातांनी मान दाबली. डोळ्यापुढे अंधार आला. साडी ओली झाली.' उजव्या जबड्याच्या कोनाखाली २ सेंमीवर १.५ × १ सेंमी लालसर जांभळा वण. मानेच्या डाव्या बाजूला तसे तीन वण, एकाखाली एक. आवाज घोगरा. गिळताना दुखतं म्हणते. बोलताना तीन वेळा दाराकडे बघते. सोबत आलेला नवरा बाहेर बसवला, तपासणीच्या वेळी हजर नाही."

"घाबरलेली वाटते" हे तुमचं मत झालं; "दाराकडे बघते" हे तुम्ही पाहिलेलं. नोट इंग्रजीत लिहायची पद्धत असली तरी तिचं वाक्य तिच्याच भाषेत, अवतरणात ठेवा. अंगाचं चित्र छापलेलं असेल तर त्यावर प्रत्येक जखम मांडा. नसेल तर हाताने काढा, चित्रकला कुणी तपासत नाही. फोटो संमतीने, मोजपट्टी शेजारी ठेवून, आधी लांबून आणि मग जवळून. रुग्णालयाच्या कॅमेऱ्यावरच, स्वतःच्या मोबाइलवर नाही आणि वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही.

चाव्याची जागा पुसण्याआधी स्वॅब घ्यायचा, थुंकी तिथेच असते. कपडे कापावे लागले तर फाटलेल्या जागेतून कात्री चालवू नका. ओले कपडे सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत; प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. लैंगिक हिंसेत केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अंगावरचा पुरावा ९६ तासांपर्यंत घेतात, म्हणजे "आता उशीर झाला" म्हणून दुसऱ्या दिवशी आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली आहे. कुणी करायला निघालं तर थांबवा. पुराव्याचं पाकीट कुणी कुणाकडे किती वाजता दिलं, याच्या सह्या घेत जा.

सहावी पायरी: एमएलसी, हद्द आणि कागद

एमएलसी करायची की नाही ते सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचे मेडिकल ऑफिसर, ठरवतात. बाईला मात्र हे समजावणं तुमच्याकडे येतं की एमएलसी म्हणजे तक्रार नव्हे. पोलिसांना जबाब द्यायचा की नाही, ते तिने ठरवायचं.

आपल्या भागातली अडचण हद्दीची आहे. दिघ्याची बाई जवळ पडतं म्हणून कळव्याला येते. रुग्णालय ठाणे पोलीस आयुक्तालयात, घटना नवी मुंबई आयुक्तालयात. "आमची हद्द नाही" हे उत्तर तिला ऐकवलं जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे हद्दीचा विचार न करता पोलीस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे तिला समजावून सांगा. दुसरा घोळ संरक्षण अधिकाऱ्याचा, म्हणजे २००५ च्या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, पनवेल पोलिसांच्या हिशेबात नवी मुंबईत असले तरी जिल्हा रायगड. कागद चुकीच्या जिल्ह्यात गेला की फिरत बसतो.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत रुग्णालयाची जबाबदारी स्पष्ट आहे. घटनेचा अहवाल आधी झालेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तो झाला नसेल तर रुग्णालयानेच नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो आणि वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची असते. तो नमुना कॅज्युअल्टीच्या कपाटात आहे का, ते आजच बघा. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेला खासगी रुग्णालयानेही मोफत उपचार द्यायचे, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे.

भाजलेल्या केसची गोष्ट वेगळी. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला हलवायचं ठरलं तरी गाडी येईपर्यंतचा वेळ तुमच्या हातात असतो. "स्टोव्हचा भडका" ऐकलं की लग्नाची तारीख विचारून लिहा; सात वर्षांच्या आतलं लग्न असेल तर पुढचा तपासच वेगळ्या वाटेने जातो. मृत्युपूर्व जबाबासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना बोलावतात आणि ती शुद्धीवर असल्याचं डॉक्टर लिहून देतात. ते येण्याआधी ती जे बोलेल ते वेळेसकट, तिच्या शब्दांत उतरवा. सासरचे आणि माहेरचे, दोन्ही बाहेर.

सातवी पायरी: घरी जाण्याआधी

बहुतेक जणी त्याच घरी परत जातात. ते गृहीत धरूनच बोला. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती शेजारी किंवा बहिणीकडे ठेवायला सांगा. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात जाऊ नका, दार जवळ असेल तिकडे सरका, असं सांगा.

नंबर: महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. राहायची सोय आणि समुपदेशन एकाच जागी हवं असेल तर सखी केंद्र. चिठ्ठी देऊ नका, ती घरी पर्समध्ये सापडते. फोनही तपासला जातो, म्हणून नंबर "गॅसवाला" किंवा "टेलर ताई" असल्या नावाने सेव्ह करून द्या. रुग्णालयातच समुपदेशनाचा कक्ष असला की हे सगळं सोपं होतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० साली 'दिलासा' सुरू केलं, ते असंच. तुमच्याकडे नसेल तर समाजसेवा अधीक्षकांना गाठा, आणि रात्र असेल तर तिला सकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवायची विनंती सीएमओंना करा.

समन्स येतं ते वर्षानुवर्षांनी, तुमची बदली झाल्यावर. तेव्हा पेशंटचा चेहरा आठवत नाही, नोट वाचूनच बोलावं लागतं. म्हणून नोटखाली पूर्ण नाव, पद आणि वेळ लिहा. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारून शेजारी सही करा, व्हाइटनर लावू नका. एमएलसी नंबर मात्र स्वतःच्या डायरीत तारखेसह लिहून ठेवा, पेशंटचं नाव न लिहिता.